बातुरचें उन्हाळें

कोंकणांतील माणसास ऊन पाण्याच्या झऱ्याचें नवल वाटत नाहीं. ठाणें जिल्ह्यांत तानसा नदीच्या कांठीं वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, रायगडांत पालीजवळ उन्हेरें, रत्नागिरींत उन्हवरें, आरवली, तुरळ आणि राजापुराशेजारचें उन्हाळें, अशी ही माळ सह्याद्रि व समुद्र ह्यांच्या मधून दक्षिणोत्तर ओंवलेली आहे. अशा झऱ्यास मराठींत 'उन्हाळें' हेंच नांव आहे. आमच्या लहानपणीं सांधे धरलेलीं वडीलधारीं माणसें थंडीच्या दिवसांत तेथें आठ-आठ दिवस मुक्काम करीत, आणि परत आल्यावर आपली व्याधि रुपयांत किती आणे कमी झाली, ह्याचा हिशेब ओटीवर बसून सांगत.

ह्या झऱ्यांखालीं ज्वालामुखी आहे अशी एक समजूत सर्वत्र ऐकूं येते. तिला थोडा आधार दिसतो खरा. आपला सह्याद्रि, आपले किल्ले, आपल्या देवळांच्या पायऱ्या, हा सगळा काळा पाषाण एके काळचा उकळता शिलारसच होय. परंतु तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं वाहिला, व तो अग्नि कधींच निवाला. आज आपलीं उन्हाळीं तापतात तीं निराळ्या कारणानें. पावसाचें पाणी खडकांतील भेगांनीं फार खोल उतरतें, पृथ्वीच्या पोटांतील नित्याच्या उष्णतेनें तापतें, आणि दुसऱ्या भेगेनें वर येतें. आपल्या झऱ्यांखालीं ऊब आहे, चूल नाहीं. जेथें ती चूल अद्यापि पेटलेली आहे असें उन्हाळें पाहण्याचा योग आम्हांस गेल्या वर्षीं बाली बेटांत आला.

योग आला तो सहज नव्हे. आमच्या सौ.च्या दोन्ही गुडघ्यांतील कूर्चा झिजली आहे. कृत्रिम सांधा बसविल्यावांचून गत्यंतर नाहीं, असें डॉक्टरांनीं क्ष-किरणांचें चित्र दाखवून सांगितलें त्यास दोन वर्षें झालीं. तेव्हांपासून शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख दोनदां पुढें गेली. एकदां पितृपक्ष आला म्हणून, एकदां शेजारचें लग्न निघालें म्हणून. ह्या निमित्तांच्या आड भीति आहे हें आम्हांस दिसत होतें. परंतु ज्याचे स्वतःचे गुडघे धड आहेत त्यानें दुसऱ्याच्या भीतीस अकारण म्हणूं नये. अशांत सिंगापुरास असणाऱ्या आमच्या कन्येनें बालीच्या सहलीचा बेत केला. तेथें ज्वालामुखीच्या पायथ्याशीं ऊन पाण्याचीं कुंडें आहेत, असें सौ.नीं कोणाकडून तरी ऐकिलें, व त्या बेताचा अर्थ त्यांनीं आपल्यापुरता लावून टाकला.

"जिवंत विस्तवावरचं पाणी आहे तें," त्या म्हणाल्या, "आपल्याकडच्यासारखं नव्हे. काय सांगावं, उतार पडायचाही!"

त्या बोलण्यांतील आशेची आम्हांस धास्ती वाटली. पाणी निष्फळ ठरलें तर त्यांस खेद होणार. आणि दोन दिवस बरें वाटलें तर तारीख तिसऱ्यांदा पुढें जाणार! दोहोंपैकीं कोणतें अधिक वाईट, ह्याचा निर्णय आम्हांस विमान उतरेपर्यंत करतां आला नाहीं.

बाली हें बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून किंचित् मोठें. वस्ती चाळीस लाखांवर, व तींतील पांचांत चारांहून अधिक लोक हिंदु. संस्कृताची थोडीबहुत ओळख असणाऱ्या माणसास तेथें पावलोपावलीं थांबावें लागतें. चलनास रुपिया म्हणतात. वर्षगणना शकाची, आणि तोही आपल्याच पंचांगांतला शालिवाहन शक. नववर्षाच्या दिवशीं मात्र आपण गुढी उभारून गोडधोड करतों, तर ते लोक चोवीस तास मौन पाळतात. दिवा नाहीं, चूल नाहीं, रस्त्यावर माणूस नाहीं, विमानतळसुद्धां बंद. पाण्यास आदरानें 'तोय' म्हणावयाचें आणि पुरोहितानें मंत्रून दिलेल्या पाण्यास 'तीर्थ'. देवळांतून आपण पळीभर घेतों तोच हा अर्थ. आपल्या धर्मास ते कधीं कधीं 'आगम तीर्थ', म्हणजे तीर्थाचा धर्म, असेंही म्हणतात. ज्या उन्हाळ्यास आम्ही निघालों होतों त्या गांवाचें नांव तोय बुंगका. नांवाच्या अर्ध्या भागाचा अर्थ आम्हांस नकाशावरच लागला, ह्याचें आम्हांस शाळकरी मुलासारखें समाधान वाटलें.

कन्या, जांवई व नात दक्षिण किनाऱ्यावर राहिलीं, आणि आम्ही दोघें एक मोटार ठरवून डोंगराकडे निघालों. सारथि बातुरच्याच खोऱ्यांतला, चाळिशीचा गृहस्थ होता. बालीमध्यें नांवें जन्माच्या क्रमावरून ठेवतात, म्हणून हा घरांतला थोरला, एवढें त्याचें नांव ऐकतांच कळलें. आम्हांस तो 'बापाक' म्हणे आणि सौ.ना 'इबू', म्हणजे आई. ह्या दुसऱ्या संबोधनानें त्यानें पहिल्या तासाभरांतच आपली बाजू बळकट करून घेतली. उबूद मागें पडल्यावर भातखाचरांच्या पायऱ्या लागल्या. पुढें चढण वाढलें तशी हवा गार झाली, भात संपून संत्र्यांच्या व कॉफीच्या बागा आल्या, आणि पेनेलोकान येथें रस्ता एकाएकीं आकाशांत संपल्यासारखा झाला.

पेनेलोकान म्हणजे पाहण्याची जागा. ह्या शब्दांत आपला 'लोक्' धातु शोधण्याचा मोह आम्हांस झाला. परंतु तो शब्द अस्सल बाली आहे असें सारथ्यानें सांगितलें, आणि उत्साही वैयाकरणांचीं अनेक उदाहरणें आठवून आम्ही गप्प बसलों. समोर जें दिसतें तें असें : सुमारे २९,००० वर्षांपूर्वीं येथें जो महापर्वत होता त्यानें आपलें पोट रिकामें केलें व तो स्वतःमध्येंच कोसळला. त्यामुळें सुमारे चौदा किलोमीटर लांब व दहा किलोमीटर रुंद अशी एक प्रचंड कढई झाली. पुढें सुमारे २०,००० वर्षांपूर्वीं तिच्या आंत दुसरी कढई खचली. त्या आंतल्या कढईच्या मधोमध बातुर पर्वत नव्यानें उगवला आहे. त्याची उंची १,७१७ मीटर. त्याच्या पायाशीं चंद्रकोरीच्या आकाराचें सरोवर, बालींतील सर्वांत मोठें. आणि पर्वताच्या उतारावरून खालीं पसरलेले काळेकुट्ट पट्टे, जणूं कोणी डांबराच्या घागरी लवंडल्या आहेत.

त्या काळ्या पट्ट्यांकडे बोट दाखवून सारथी म्हणाला, "आमचं जुनं गांव त्याच्याखालीं आहे."

ही हकीकत पुस्तकांतून नमूद आहे, परंतु त्याच्या तोंडून ती निराळी वाटली. १९१७ सालीं बालीमध्यें मोठा भूकंप झाला, हजारावर माणसें मेलीं, आणि बातुर पर्वतही जागा झाला. शिलारसाचा लोट पायथ्याच्या बातुर गांवावर आला आणि देवळाच्या दाराशीं येऊन थांबला! लोकांनीं हा देवीचा कौल मानला व ते तेथेंच राहिले. नऊ वर्षांनीं, १९२६ च्या ऑगस्टांत, लोट पुन्हां आला. ह्या वेळीं तो थांबला नाहीं. गांव गेलें, देऊळ गेलें. माणसें वेळेवर निघालीं होतीं. देवीचें जें हलवितां आलें तें त्यांनीं उचललें आणि कढईच्या कांठावर चढून जाऊन, नवें गांव व नवें देऊळ उभारलें. त्या चढणाऱ्यांत सारथ्याचे पणजोबा होते.

"मग देवीवर राग नाहीं आला कुणाला?" सौ.नीं विचारलें.

त्यास तो प्रश्न समजला नाहीं. म्हणजे आमचें इंग्रजी समजलें, प्रश्न समजला नाहीं. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "पाणीही तीच देते ना, इबू."

कांठावरचें तें देऊळ, पुरा उलुन दानू बातुर, आम्ही त्याच दुपारीं पाहिलें. देवीचें नांव दानू, सरोवराची अधिष्ठात्री. तिच्यासाठीं अकरा छपरांचा मेरु बांधलेला आहे. सरोवरास वर दिसणारी वाट नाहीं, तरी खालच्या उतारावरचे झरे व नद्या तिच्याच कृपेनें वाहतात असें लोक मानतात. म्हणून त्या पाण्यावर भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळ्या, ज्यांस 'सुबक' म्हणतात, आपलें धान्य येथें वाहतात व पाणी कोणीं कधीं घ्यावें ह्याचा तंटा येथें मिटवितात. १९७० नंतरच्या दशकांत सरकारी तज्ज्ञांनीं 'जमेल तितक्या वेळां पीक घ्या' असा उपदेश करून ही पद्धति मोडावयास लावली, तेव्हां उंदीर व कीड ह्यांनीं शेतें खाल्लीं. देवळाच्या वेळापत्रकाप्रमाणें सगळा मुलूख एकदम कोरडा पडत असे, व किडीस खावयास कांहीं उरत नसे, हें मर्म स्टीफन लान्सिंग ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानें १९९१ च्या आपल्या ग्रंथांत उलगडून दाखविलें. आमच्या वाचकांस आणखी एक गोष्ट ऐकून कदाचित् आश्चर्य वाटेल. बालींत ब्राह्मण पुरोहित आहेत, त्यांस 'पेदंड' म्हणतात व त्यांचा मान मोठा आहे. परंतु ह्या देवळाचा मुख्य पुजारी ब्राह्मण नसतो. तो सामान्य घरांतून, देवीच्या कौलानें निवडला जातो. आम्हांस ही व्यवस्था गैर वाटली नाहीं.

पूर्वेस आगुंग पर्वत ढगांतून डोकें काढून उभा होता. तीन हजार मीटरांहून उंच असा हा बालीचा मेरु. त्याच्या उतारावर बेसाकीचें महादेवालय आहे. तेथें १९६३ सालीं शंभर वर्षांनीं होणारा 'एकादशरुद्र' नांवाचा महोत्सव चालू असतांनाच आगुंग फुटला. हजाराहून अधिक लोक प्राणास मुकले, आणि शिलारस मात्र देवालयाच्या बाजूनें निघून गेला. मुहूर्त चुकला, असें पुष्कळांचें म्हणणें पडलें, व तो उत्सव पुन्हां १९७९ सालीं झाला. आपल्याकडे रुद्राची एकादष्णी घरोघर होते व दक्षिणा वाटून ब्राह्मण दुपारीं घरीं जातात. त्याच नांवाच्या कर्माचा असा प्रसंग ऐकून अंगावर कांटा आला. २०१७ सालीं आगुंग पुन्हां जागा झाला तेव्हां लाखाहून अधिक माणसांनीं घरें सोडलीं. सारथ्याच्या सासुरवाडचीं अकरा माणसें तेव्हां त्याच्या दोन खोल्यांत महिनाभर होतीं. आगुंगच्या भीतीनें माणसें बातुरच्या तोंडाशीं येऊन राहिलीं, हें सांगतांना त्यास स्वतःलाही हंसूं आलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही कढईंत उतरलों. रस्ता त्याच काळ्या दगडांमधून जातो. अद्याप त्यांवर धड गवत नाहीं. तोय बुंगका सरोवराच्या पश्चिम कांठीं आहे. सरोवराचें व पावसाचें पाणी खडकांत झिरपतें, खालच्या तप्त खडकांवर तापतें व कांठाशीं फुटून वर येतें. तें आतां नळांनीं अडवून, फरसबंदी कुंडांत सोडून, त्याभोंवतीं एक विश्रामस्थान थाटलें आहे. तिकीट, मनगटांत किल्ली, भाड्याचा पंचा, आणि कर्णकटु संगीत. कुंडांत उभी राहून तरुण मंडळी फळांचे रस पीत होतीं व हात उंच करून स्वतःचीं छायाचित्रें घेत होतीं. आमच्या कपाळास आठ्या पडल्या असाव्यात, कारण सौ. म्हणाल्या, "वज्रेश्वरीला तरी कुठं शांतता असते?" हें खरें होतें.

खरी अडचण पुढेंच आली. साडी नेसून कुंडांत उतरतां येणार नाहीं, असें तेथील बाईनें नम्रपणें सांगितलें. कन्येनें सिंगापुराहून आणलेला पोहण्याचा पोशाख, हातभर बाह्यांचा व पायघोळ, सौ.नीं पेटीच्या तळाशीं नेऊन पुरला होता. तो आतां निघाला. त्यावर एक रंगीत लुंगी गुंडाळून त्या आल्या, तेव्हां बासष्टाव्या वर्षीं आपण कसल्या दिसतों ह्याची लाज व कुतूहल ह्यांचें मिश्रण त्यांच्या चेहऱ्यावर होतें. हातांत घरून आणलेली तांब्याची लोटी होती.

"अहो," पहिल्या पायरीवर त्या थांबल्या, "संकल्प सांगा."

आम्ही म्हटलें, हें तिकिटाचें पाणी, येथें कसला संकल्प? त्या म्हणाल्या, "तिकीट कुंडाचं घेतलंय, पाण्याचं नाहीं." ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि आम्ही संकल्पाकडे वळलों. तेव्हां एक शास्त्रीय पेंच उभा राहिला. संकल्पांत देश व काल ह्यांचा उच्चार करावा लागतो. काल सरळ होता. शालिवाहन शक येथेंही चालतो. परंतु देश? भरतखंड म्हणतां येईना, दंडकारण्य म्हणतां येईना, आणि गोदावरीचें तीर तर कोठल्या कोठें राहिलें! शक जुळला, भूमि जुळेना.

अशा वेळीं आम्हांस एका पुस्तकाची आठवण झाली. सिल्व्हाँ लेव्ही हे फ्रेंच पंडित १९२८ सालीं बालीस गेले, व तेथील पेदंडांच्या तोंडीं असलेलीं संस्कृत स्तोत्रें त्यांनीं मिळविलीं. तो संग्रह १९३३ सालीं प्रसिद्ध झाला, तो पॅरिसास नव्हे, तर आपल्या बडोद्यास, गायकवाडांच्या प्राच्यग्रंथमालेंत. तेथील पुरोहित तीर्थ सिद्ध करतांना त्या पात्रांत ज्या नद्यांस बोलावितात त्यांत गंगा, यमुना, सरस्वती, सिंधु, नर्मदा ह्यांच्याबरोबर गोदावरीही आहे. ज्यांच्या शेंकडों पिढ्यांनीं ती नदी पाहिली नाहीं, ते तिला रोज हांक मारतात आणि ती येते, असा त्यांचा भरंवसा आहे. आम्ही सौ.ना म्हटलें, "देश राहूं द्या. गोदावरीस बोलवा, तिला येथली वाट ठाऊक आहे." त्यांनीं लोटी बुडविली, डोळे मिटले, आणि ओठ हलवीत पायरी पायरी करून छातीपर्यंत पाण्यांत गेल्या.

पाणी अंगास सोसेल एवढेंच ऊन होतें. डोंगरावरची हवा गार, त्यामुळें तोंडावर वारा व गळ्याखालीं ऊब असा अपूर्व अनुभव येतो. छातीएवढ्या पाण्यांत देहाचा भार पुष्कळ हलका होतो, उष्णतेनें स्नायु सैल पडतात. ह्यांत चमत्कार नाहीं. परंतु दोन वर्षांत ज्या माणसास कठड्यावांचून उभें राहिलेलें आम्हीं पाहिलें नव्हतें, तें माणूस पाण्यांतून कोणाचाही हात न धरतां पलीकडच्या कांठापर्यंत चालत गेलें, आणि वळून आमच्याकडे पाहून हंसलें. त्या हंसण्याच्या वेळीं आम्हांस फार आनंद झाला आणि त्याच क्षणीं पोटांत गोळा आला. तारीख गेली, असें वाटलें.

समोर सरोवरापलीकडे त्रुन्यान गांवाची वस्ती दिसत होती. तेथील लोक मृतांस जाळीत नाहींत. एका सुगंधी वृक्षाखालीं, बांबूच्या पिंजऱ्यांत, उघड्यावर ठेवतात. सारथ्यानें कांठावर बसून ही माहिती पुरविली. सौ.नीं मान वळवून पाठीमागचा बातुर पाहिला, समोरची वस्ती पाहिली, व म्हणाल्या, "मागं ज्वालामुखी, पुढं स्मशान, आणि मधे आपली आंघोळ." मग त्यांनीं सारथ्यास विचारलें, "ह्या पाण्यानं गुडघे बरे होतात का रे?"

आम्हीं श्वास रोखून धरला. उत्तरावर पुष्कळ कांहीं अवलंबून होतें, आणि देणाऱ्यास तें ठाऊक नव्हतें. तो म्हणाला, "माझी आई जन्मभर रोज संध्याकाळीं गांवच्या कुंडावर येत असे, इबू. शेवटीं तिला चालतां येत नव्हतं; आम्ही पाठीवरून आणीत असूं."

"मग कशाला यायची?"

"संध्याकाळ झाली म्हणून."

सौ. कांहीं बोलल्या नाहींत. संगीत चालूच होतें. पुष्कळ वेळ त्या कुंडाच्या एका कोपऱ्यांत, जेथें नळांतून पाणी पडतें तेथें, दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवून बसून होत्या. आम्हीही पलीकडे बसलों. काय विचार चालला आहे हें विचारण्याचें आम्हांस पुष्कळदां मनांत आलें. परंतु चाळीस वर्षांच्या सहवासांत कांहीं प्रश्न पाण्यांत विचारूं नयेत एवढें शिकलों आहों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं विश्रामस्थानाच्या तीन पायऱ्या त्या कठड्यास हात न लावतां उतरल्या. दुपारपर्यंत दुखणें पुन्हां आपल्या जागीं आलें. परततांना पेनेलोकानजवळ त्यांनीं संत्रीं घेण्यासाठीं मोटार थांबविली, व पिशवी मांडीवर घेऊन, खालच्या काळ्या पट्ट्यांकडे पाहत म्हणाल्या, "कार्तिकांतली तारीख घ्या. आणि ह्या खेपेला कुणाचंही लग्न निघालं तरी मला सांगूं नका."

इबू काय म्हणतात, असें सारथ्यानें विचारलें. गुडघ्यांची गोष्ट होती, असें आम्ही सांगितलें. त्यानें मान डोलविली व मोटार सुरू केली, आणि भातखाचरें लागेपर्यंत संत्रीं सोलून मागून पुढें देण्याचें काम आमच्याकडे आलें.